पाऊस सगळ्यांवर पडतो, पंचनामा मात्र सातबाऱ्यावर

‘अतिवृष्टीपुढे सगळे सारखेच’ हे वाक्य प्रत्येक पुरानंतर ऐकायला मिळते. शाहूवाडी तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर काम करताना मला ते कधीच पटले नाही. पाऊस जात बघत नाही, हे खरे. पण पाऊस उघडल्यावर तयार होणारी यादी जमीन बघते आणि जमीन कुणाकडे असावी हे आपल्याकडे जातीने ठरवले आहे.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे महापूर सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. तेव्हा सगळ्यांचे लक्ष सांगली, शिरोळ, कोल्हापूर शहराकडे होते. कडवी, कासारी, वारणेच्या वरच्या अंगाला आमच्याकडे संकट वेगळे असते : बांध फुटतात, डोंगरउताराची माती वाहून जाते, दरडीच्या भीतीने लोक रात्री जागून काढतात. आता तर पावसाचे वेळापत्रकच मोडले आहे. २०२५ साली मॉन्सून २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला. आमच्याकडच्या भाताच्या धूळवाफ पेरणीला मे महिन्यात कोरडी माती लागते. ती मिळाली नाही की पेरणी हुकते आणि तिच्यामागे येणारी भांगलणही विस्कटते. सुगीत पाऊस आला तर भात आडवे पडते, लोंबीतच कोंब फुटतात. शेतकऱ्याचे पीक जाते, तसाच मजुराचा रोजगारही जातो.

आता मदतीचे निकष पाहा. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांप्रमाणे ३३ टक्के किंवा त्याहून जास्त पीकनुकसान झाले तर कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये अशी मदत ठरलेली होती. सगळी मोजणी हेक्टरात. ज्याच्याकडे हेक्टर नाही, त्याचे काय?

बौद्धवाड्यातल्या एका मावशींना मी विचारले, तुमचे किती नुकसान झाले? त्या म्हणाल्या, “आमचं कसलं नुकसान बाळा? शेतच न्हाई आमचं.” त्या दीड महिना घरी बसून होत्या. किराणा उधारीवर चालला होता. पण आपले काही बुडाले, हे म्हणायचा हक्कसुद्धा त्यांना आपला वाटत नव्हता. व्यवस्थेने माणसाच्या मनात नेमके हेच पेरलेले असते.

ज्यांच्याकडे जमीन आहे, त्यांचीही गत बरी नाही. शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतन रद्द करून त्या जमिनी महारांच्या नावे केल्या. ते क्रांतिकारी पाऊल होते. पण चार पिढ्यांनंतर तो तुकडा गुंठ्यांवर आला आणि उताऱ्यावर नावांची रांग लागली. निम्मे वारस मुंबईत. सामायिक खात्याला सगळ्यांची संमतिपत्रे लागतात, ती गोळा होईपर्यंत मदत अडकते. वाट्याने कसणाऱ्याचे नाव तर कुठेच नसते.

मजुराचे नुकसान मोजता येत नाही, ही सबब खोटी आहे. १९७२ च्या दुष्काळात याच राज्याने ते मोजले आणि पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. दुष्काळात मजुराचा रोजगार बुडतो, हे सरकारने मान्य केले. अतिवृष्टीतही तोच रोजगार बुडतो आणि नेमके त्याच दिवसांत हमीचे मातीकाम करता येत नाही. म्हणजे गरज असते तेव्हाच हमी बंद.

बाबासाहेबांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये शेती हा राज्याचा उद्योग असावा, जमीन जातिधर्माचा भेद न करता गावकऱ्यांना कसायला द्यावी, जमीनदार, कूळ, भूमिहीन कुणीच उरू नये, असे मांडले. पाणी, बी-बियाणे, अवजारे राज्याने पुरवावीत असेही त्यात आहे. मला त्यात आजच्या प्रश्नाचे उत्तर दिसते : शेतीतली जोखीम एकट्या कसणाऱ्याच्या माथी मारायची नाही, ती सगळ्यांनी मिळून उचलायची.

ते होईल तेव्हा होईल. तोवर तीन गोष्टी ग्रामसभेत मागता येतील. पंचनाम्यात मजूर आणि वाटेकरी कुटुंबांची स्वतंत्र यादी करा. अतिवृष्टीत बुडालेल्या दिवसांचा भत्ता द्या. आणि दरडीची पाहणी गावठाणापासून नको, कडेच्या वस्तीपासून सुरू करा. पुढच्या ग्रामसभेत हा ठराव लेखी द्या आणि त्याची पोच घ्या.

जय भीम!