लेडीज बाहेर बसल्या तरी चालेल

"ज्यांना बघवत नसेल त्यांनी बाहेर थांबावं. लेडीज बाहेर बसल्या तरी चालेल." हे वाक्य ऐकून बरीच वर्षं झाली, तरी आठवलं की अजून डोकं फिरतं.

प्रसंग दादरचा. एका फिल्म क्लबने कोरियन सिनेमे दाखवायचं ठरवलं होतं. मी मूळची लालबागची. वडील मिलमध्ये, ८२च्या संपात घर बसलं, मग नोकरी, लग्न, गिरगाव. गिरणगावातल्या कुणालाही यापुढचं सांगायला नको. भारतमाता थिएटरात आईबरोबर सिनेमे बघत वाढले, नंतर क्लबांची चटक लागली. 'ओल्डबॉय' आधीच पाहिलेला होता. कान महोत्सवात २००४ साली ग्रां प्री मिळवणारा तोच. त्याच्याशी भलतंच साम्य असलेला आपला 'जिंदा'ही २००६ साली पाहून झाला होता. त्यामुळे कोरियन सूडपट म्हणजे काय प्रकरण असतं, हे मला ठाऊक होतं.

त्या दिवशी होता 'आय सॉ द डेव्हिल'. किम जी-वूनचा, २०१० सालचा. खुद्द कोरियातसुद्धा तो सरळ लागला नव्हता. तिथल्या परीक्षण मंडळाने अडवल्यावर काही दृश्यं कापून मगच थिएटरात आला. क्लबच्या तरुण संयोजकाने हे प्रास्ताविकात मोठ्या कौतुकाने सांगितलं. म्हणजे पुढे काय वाढून ठेवलंय याची कल्पना सगळ्यांना होती. हे मुद्दाम सांगतेय.

गोष्ट साधी आहे. बर्फात गाडी बंद पडलेली एक मुलगी. मदत करतो म्हणून आलेला माणूस तिला उचलून नेतो. "मला दिवस गेलेत, मारू नका," असं ती त्याला सांगते. तरी तो मारतो. तिचा होणारा नवरा गुप्तहेर खात्यातला. तो खुन्याला शोधून काढतो, बेदम मारतो, मनगट मोडतो, आणि सोडून देतो! वर त्याच्या घशात ठावठिकाणा कळवणारी कॅप्सूल कोंबतो आणि शेजारी पैशांचं पाकीट ठेवून जातो. का, तर पुन्हा पकडून पुन्हा मारता यावं म्हणून. खुनी झालाय 'ओल्डबॉय'मधलाच चोई मिन-सिक. काय काम केलंय त्या माणसाने!

आता हॉलमधलं ऐका. ती मुलगी मरते तेव्हा हॉल गप्प. लहान मुलाला गवतात कान सापडतो, मग नदीत शोधाशोध, तरी गप्प. मागच्या रांगेत कुणी वेफर्सचं पाकीट फोडलं, तेवढाच आवाज. खुन्याला पहिला मार बसला तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. सोडून दिला तेव्हा "अरे, पोलिसात दे की येड्या!" आणि हशा. टॅक्सीतल्या मारामारीलाही हशा. पुढे दवाखान्यात खुनी नर्सवर हात टाकतो. ती थरथरतेय, त्याचे हुकूम ऐकतेय. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसलेले. हॉल तरीही गप्प. कुणी उठलं नाही, कुणी "बंद करा" म्हटलं नाही.

मग नायक येतो आणि खुन्याच्या टाचेमागची शीर कापतो. आणि तेव्हा, नेमकं तेव्हाच, तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ ताडकन उठले. "हा काय विकृतपणा आहे? बंद करा आधी!" आणखी दोघे उभे राहिले. एकजण तोंडावर रुमाल धरून बाहेर पळाला. सिनेमा थांबला, दिवे लागले. संयोजक गडबडला, आणि समजूत घालायची म्हणून ते वाक्य बोलला. मला उद्देशून वेगळं, अगदी प्रेमाने: "काकू, तुम्ही बसा ना बाहेर, चहा सांगतो."

अरे बाबा, उठलं कोण? पळालं कोण? आम्ही सात-आठ बायका जागच्या हललो नव्हतो! माझ्या शेजारची बाई तर लाइट गेल्यासारखा चेहरा करून दिवे कधी जातात याची वाट बघत होती. पण त्रास होणार तो बायकांना, हे त्या हॉलमध्ये आधीच ठरलेलं. बाई कापली जाते तेव्हा ती गोष्टीची सुरुवात असते, ती सगळ्यांना चालते. पुरुषाची टाच कापली की विकृती. मी हे तिथल्या तिथे मोठ्याने बोलले. ते गृहस्थ म्हणाले, "बाई, तुम्ही उगाच वेगळं वळण देताय." मागून एक पोरगा म्हणाला, "काकू, सिनेमा बघू द्या." म्हणजे सिनेमा थांबवला मी!

दहा-पंधरा मिनिटं ही हुज्जत चालली. शेवटी गृहस्थ निघून गेले आणि सिनेमा पुढे सुरू झाला. पण हॉल बदलला होता. शिट्ट्या बंद. खुनी उलटून नायकाच्या सासऱ्यापर्यंत आणि मेहुणीपर्यंत पोचतो, तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. शेवटी खुन्याच्या आईबापाच्या आणि मुलाच्या हातूनच दार उघडवून त्याला मारलं जातं, तेव्हाही टाळी नाही.

ती टाळी मी पडद्याबाहेर ऐकलेली आहे. नव्वदीच्या दशकात लालबाग-परळ-भायखळ्यात टोळ्यांचे हिशेब चुकते व्हायचे. १९९४ला गिरणीमालक सुनीत खटाव गेले, १९९७ला कामगार नेते डॉक्टर दत्ता सामंत. मोठ्या माणसांची नावं पेपरात यायची. वाडीतल्या पोरांची यायची, पण आतल्या पानावर. एकाकडचा पडला की दुसरीकडे "बरं झालं". पुढचा नंबर कुणाचा, यावर गॅलरीत चर्चा. आणि ज्याचा पोरगा गेला त्याची आई नळावर पाणी भरायला आली की सगळे एकदम पावसापाण्याचं बोलायचे. म्हणून त्या गृहस्थांचा राग येतो तसं वाटतंही, की बंद करा म्हणणारा एखादा माणूस हवा. पण त्याने नर्सच्या वेळी उठायला हवं होतं. की शिट्टीच्या वेळी?

क्लबवाल्यांना एवढंच सांगणं आहे की असं काही दाखवणार असाल तर पत्रिकेवर स्पष्ट लिहा, आणि एकदा सुरू केलंत की थांबवू नका. अर्धवट सूड पूर्ण सूडापेक्षा वाईट. बाहेर पडलेला माणूस शिट्ट्याच घेऊन घरी जातो, पुढची शांतता त्याच्या वाट्याला येत नाही. हिंसेचे सिनेमे बायकांनी बघू नयेत म्हणणाऱ्यांनी एकदा सकाळी भाऊच्या धक्क्यावरच्या मासळी बाजारात जाऊन कोयता कुणाच्या हातात असतो ते बघावं.

हे सगळं मी गेल्या गणपतीत भाचीला तावातावाने सांगितलं. ती म्हणाली, "आत्या, मग मी बघू का तो?" मी म्हटलं, "तू नको बघूस." तोंडातून निघूनच गेलं, आणि मागे घ्यावंसं मला अजूनही वाटत नाही. तू मुलगी आहेस म्हणून नाही, रात्री एकटी लोकलने येतेस म्हणून, असं मी तिला समजावलं. तिला ते काडीचंही पटलं नाही. "अर्धा बघून झालाय माझा," ती म्हणाली, "आणि मला त्या खुन्यापेक्षा तो हिरोच जास्त डोक्यात जातो. तो दर वेळी त्याला सोडतो, आणि मधल्या मध्ये मरतं कोण?"