कशेडीच्या चढावर अडलेला गिअर

दिवाळीच्या सुट्टीत दाभोळला जाणे आमच्या घरात नवे नाही. मुंब्र्याहून फजरची नमाज पढून निघायचे, पेण-माणगाव मागे टाकत महाडला चहा घ्यायचा, पोलादपूरनंतर कशेडी घाट चढून खेडला उतरायचे आणि दापोलीमार्गे गावी पोहोचायचे, हा ठरलेला रस्ता. आता कशेडीच्या पोटातून बोगदा झाला आहे. ही गोष्ट त्याआधीची, घाटाची सगळी वळणे चढावी लागत तेव्हाची.

गाडी अब्बांची होती. 2006 सालची, पेट्रोलवर चालणारी, चार गिअरची ऑटोमॅटिक. अब्बांची उमेदीची वर्षे कुवेतमध्ये गेली. तिथे त्यांना ऑटोमॅटिकची सवय लागली आणि पुढे डावा गुडघा क्लच दाबू देईना, म्हणून इथेही त्यांनी तशीच गाडी घेतली. त्यांच्या इंतकालानंतर ती आमच्याकडे आली. आम्ही ती वापरली, पण सांभाळली नाही, हे कबूल करायला हवे. त्या वर्षी पावसाळ्याचे चार महिने ती ताडपत्रीखाली उभीच होती.

पावसाळा संपल्यावर गाडी बाहेर काढली तेव्हा लक्षणे दिसू लागली. लीव्हर डी वर टाकला की दोन-तीन क्षण काहीच होत नसे, मग धक्का बसून गाडी पुढे जाई. दुसऱ्यावरून तिसरा गिअर पडताना इंजिन उगाच गुरगुरे. शहरातल्या एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी एक चक्कर मारली आणि सांगितले, "गिअरबॉक्स गेला. 70 हजार धरून चाला. एवढ्या जुन्या गाडीवर कशाला घालता?" आम्हालाही ते पटले. भंगारवाल्याशी बोलणे झाले. अम्मी एवढेच म्हणाल्या, "एकदा या गाडीतून त्यांच्या कबरीवर जाऊन येऊ, मग काय करायचे ते करा."

नादुरुस्त गाडी घेऊन घाटात जाणे ही आमची चूकच होती. पोलादपूर सोडून चढ लागला आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर गाडी ओढेनाशी झाली. पाय दाबावा तर आवाज वाढे, वेग वाढत नसे. समोर 'ओ/डी ऑफ' असा दिवा लुकलुकू लागला आणि गाडी एकाच वरच्या गिअरमध्ये अडकली. कशीबशी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, चाकामागे दगड लावले. मागून ट्रकची रांग, आत अम्मी आणि दोन मुले.

एका टेम्पोवाल्याने आपणहून गाडी थांबवली. "दोरी लावू काय? खेडपर्यंत सोडतो." तेव्हा अब्बांचे बोलणे आठवले. ऑटोमॅटिक गाडी दोरीने ओढायची नाही. इंजिन बंद असले की आतला तेलाचा पंप फिरत नाही, चाके मात्र आतले भाग फिरवत राहतात, आणि ते कोरडे घासून खराब होतात. ओढायचीच तर ज्या चाकांना इंजिनाची ताकद जाते ती उचलून, नाहीतर सरळ ट्रकवर चढवून न्यायची. टेम्पोवाल्याचे आभार मानले. अर्धा तास गाडी थंड होऊ दिली. मग लीव्हर एल वर टाकून पाहिला, आणि अल्हम्दुलिल्लाह, पहिला गिअर पडला. उरलेला चढ बैलगाडीच्या चालीने चढलो आणि उतारही एल वरच उतरलो. उतारावर न्यूट्रल करायचे नाही, खालच्या गिअरनेच गाडी रोखून धरायची, नाहीतर सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापतात, हीसुद्धा अब्बांचीच शिकवण.

खेडजवळ भरणे नाक्यावर चौकशी केली तेव्हा एका मिस्त्रींचे नाव पुढे आले. साठीचे गृहस्थ, कुवेतच्या गॅरेजात तेरा वर्षे काढून आलेले. "तिथे सगळ्या ऑटोमॅटिकच. हाताने गिअर बदलायची गाडी दिसली तर आम्ही बघायला जमायचो," असे हसून म्हणाले. आम्ही शहरातल्या गॅरेजचा निकाल सांगितला. त्यांनी विचारले, "सर, त्यांनी तेलाची पट्टी काढून बघितली होती काय?"

नव्हती काढली. आम्हीही कधी काढली नव्हती.

त्यांनी गाडी सपाट जागेवर उभी केली. इंजिन गरम होतेच, ते चालूच ठेवले. ब्रेकवर पाय ठेवून लीव्हर प्रत्येक खुणेवर क्षणभर थांबवत फिरवला आणि पुन्हा पी वर आणला. मग पट्टी काढून पुसली, परत घालून काढली. तेल खालच्या खुणेच्याही खाली होते. पट्टीचा थेंब त्यांनी पांढऱ्या कागदावर टेकवला, वास घेतला, आणि कागद आमच्यापुढे धरला. "रंग थोडा काळपट लाल आहे. जळका वास नाय, चकाकणारी कीस नाय. आतल्या प्लेटा जळल्या असत्या तर हे तेल तपकिरी होऊन करपल्यासारखं वास मारलं असतं. पाणी शिरलं असतं तर गुलाबी दुधासारखं दिसलं असतं. गिअरबॉक्स मेलेला नाय. उपाशी आहे."

मग त्यांनी समजावले. या गाडीत क्लचचे काम तेलच करते. इंजिनाची ताकद तेलातून पुढे जाते आणि तेलाच्या दाबानेच आतल्या प्लेटा आवळून गिअर पडतो. तेल कमी झाले की दाब कमी होतो. म्हणून डी वर टाकल्यावर गाडी थबकते आणि गिअर घसरतो. सपाटीवर जेमतेम पुरणारे तेल चढावर एका बाजूला सरकते, पंप तेलाऐवजी हवा ओढतो, म्हणून घाटात जास्त त्रास होतो. आता तेल गेले कुठे? ते गाडीखाली शिरले. रेडिएटरकडे जाणाऱ्या तेलाच्या नळीचा क्लिप सैल पडला होता आणि नळीवर ओलसर धुळीचा थर बसला होता.

"पण दिवा का लुकलुकला?" आमच्या मुलीने विचारले. मिस्त्रींना प्रश्न आवडला. कुठला गिअर कधी टाकायचा हे गाडीतला छोटा कंप्युटर ठरवतो. वेग किती आणि पाय किती दाबला, या दोन बातम्या त्याला तारेतून मिळतात. बातमी आली नाही तर तो जोखीम घेत नाही, गाडी एका गिअरमध्ये धरून ठेवतो आणि दिवा लुकलुकवतो. त्यांनी बॅटरी लावून वेग मोजणाऱ्या सेन्सरची तार शोधली. ती उंदराने कुरतडली होती, एका धाग्यावर टिकली होती. ताडपत्रीखालचे चार महिने कुणाच्या उपयोगी पडले ते कळले.

तेल घालण्याआधी त्यांनी विचारले, "कोणत्या प्रतीचं तेल आहे? शेवटचं कधी बदललं?" आम्ही गप्प. भलतेच तेल घातले तर गिअर आणखी बिघडतो, असे ते म्हणाले. तेव्हा मागच्या सीटवरून अम्मी म्हणाल्या, "डॅशबोर्डाच्या खणात त्यांची वही असेल बघा."

वही होती. अब्बांच्या बारीक उर्दू अक्षरात प्रत्येक नोंद: तारीख, किलोमीटर, काय बदलले, किती पैसे दिले. अम्मींनी चष्मा लावला आणि गिअरच्या तेलाची नोंद शोधून काढली. साल 2014, पुढे तेलाची प्रत. त्या वाचत असताना मिस्त्री हातातले काम थांबवून उभे होते. शेवटची नोंद झाली तिथे अम्मी थांबल्या. पुढची पाने कोरी होती. "चाची, असा मालक असलेली गाडी भंगारात नाय जायची," मिस्त्री म्हणाले.

त्या प्रतीचे तेल दुकानातून आणले. बारीक नरसाळ्याने थोडे थोडे घालत, दर वेळी पट्टी बघत त्यांनी लिटरभर घातले, कारण जास्त झाले तरी फेस येऊन तोच त्रास होतो. नवा क्लिप बसवला, तार जोडली, जोडणीवरचा हिरवा गंज साफ केला. तोवर आम्ही जवळच्या मशिदीत सफरची नमाज पढून घेतली, शाफई पद्धतीप्रमाणे जोहर आणि असर एकत्र, कसर करून. सगळे मिळून 1,800 रुपये झाले. निघताना त्यांनी सांगितले, घरी गेल्यावर तेल आणि फिल्टर एकदा बदलून घ्या, आणि गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नका.

दापोलीच्या चढावर गिअर पडलेला कळतही नव्हता. सूर्य कलण्याआधी दाभोळ गाठले. वाशिष्ठीच्या मुखावरचे हे गाव बहमनी आणि आदिलशाही काळात मोठे बंदर होते. पंधराव्या शतकात हिंदुस्थान पाहायला आलेला रशियन प्रवासी निकितीन परतीच्या वाटेवर याच बंदरातून जहाजात चढला. दख्खनचे हाजीही इथून अरबस्तानाकडे निघत. खाडीकाठी दगडी घुमटाची जुनी मशीद आहे. हजला निघालेली विजापूरची एक शाहजादी इथे अडकली आणि बरोबरच्या पैशातून तिने ती बांधली, असे गावात सांगतात. समोर धोपाव्याकडे जाणारी फेरीबोट भोंगा देत होती. मगरिबच्या आधी कबरस्तानात फातिहा पढली. अम्मी बराच वेळ दुआ मागत होत्या.

शहरातल्या गॅरेजची नियत वाईट होती, असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनी घाई केली आणि आम्ही ऐकून घेतले, एवढेच. कानावर आलेली बातमी पडताळून पाहा, ही कुरआनची शिकवण आम्ही वर्गात मुलांना सांगतो. वर्षभर 'ढ' म्हणून मागे बसवलेल्या मुलाला फळाच नीट दिसत नव्हता, असेही आम्ही पाहिले आहे. तरी स्वतःच्या गाडीच्या बाबतीत एक पट्टी काढून बघायचे सुचले नाही.

म्हणून ज्यांच्या घरी जुनी ऑटोमॅटिक आहे त्यांच्यासाठी मिस्त्रींचा क्रम इथे देतो. आधी तेल किती आणि कसे आहे ते बघा. काही गाड्यांत ते इंजिन बंद करून मोजतात, काहींत पट्टीच नसते, तेव्हा गाडीचे पुस्तक वाचा. मग कुठे गळते का ते बघा. मग तारा, जोडण्या आणि फ्यूज. मग लीव्हरची आणि ॲक्सिलरेटरची केबल सैल झाली का ते. मग कंप्युटरमध्ये बिघाडाचा कोणता क्रमांक नोंदला आहे ते वाचून घ्या. एवढे करूनही दोष राहिला तरच गिअरबॉक्स उघडायची गोष्ट काढा.

भंगारवाल्याला फोन करून नाही सांगितले. त्या रात्री दाभोळच्या घरात अम्मींनी वही मागितली आणि पहिल्या कोऱ्या पानावर उर्दूत नोंद केली: तारीख, किलोमीटर, एक लिटर तेल, एक क्लिप, एक तार, 1,800 रुपये. खाली त्यांनी त्या मिस्त्रींसाठी दुआ लिहिली.