गळणारी झडप

घर तापवण्याची यंत्रणा मराठवाड्याला ठाऊक नाही. इकडे ते काम चैत्र-वैशाखातले ऊन कुणी न सांगता करते. छत्रपती संभाजीनगरच्या मध्यमवर्गीय घरात बॉयलरच्या जागी न्हाणीघराच्या भिंतीवर टांगलेला गीझर असतो, आणि पौष-माघाचे दोन महिने सोडले तर त्याच्याकडे कुणी मान वर करून पाहतही नाही. आमचा २५ लिटरचा गीझर गेल्या हिवाळ्यात गळू लागला तेव्हा प्रथमच त्याच्याकडे नीट पाहणे झाले.

टाकी कोरडी होती. थंड पाणी आत नेणाऱ्या नळीवर पितळेचा एक बोटभर तुकडा असतो; त्याच्या कुशीतल्या बारीक तोंडातून थेंब पडत होते. प्लंबर या तुकड्याला ‘वॉल’ म्हणतो, दुकानदार ‘सेफ्टी’ म्हणतो, पारिभाषिक मराठीत ती ‘सुरक्षा झडप’. झडप हा शब्द आपल्या भाषेत एकाच वेळी हिंस्र आणि घरगुती आहे. ससाणा झडप घालतो, खिडकीला झडपा असतात, आणि शाळेच्या विज्ञानात हृदयाच्या झडपा भेटतात. आमच्यापैकी एक भाषाविज्ञान शिकवतो आणि दुसरी लोकसाहित्य, त्यामुळे प्लंबर येईपर्यंतचा वेळ या शब्दावरच गेला.

प्लंबरने एका दृष्टिक्षेपात निकाल दिला. “सर, इथं डमी मारून देतो. दहा मिनिटांचं काम. थेंब कायमचा बंद.” डमी मारणे म्हणजे त्या बारीक तोंडात बूच बसवणे. त्याचे म्हणणे या शहरात कुणालाही पटावे असेच होते. पैठणच्या जायकवाडीतून येणारे नळाचे पाणी इथे वर्षानुवर्षे कित्येक दिवसांच्या अंतराने येत आले आहे. मधल्या दिवसांत बोअर आणि टँकर. ज्या घरात भाजी धुतलेले पाणी कुंड्यांना जाते, तिथे अहोरात्र पडणारा थेंब म्हणजे पापच. आईही प्लंबरच्या बाजूने होत्या. “आमच्या बंबाला कुठं होता असला वॉल? जन्मभर त्याच पाण्यानं न्हालो.”

खरे तर आईंच्या या प्रश्नातच उत्तर होते. तांब्याच्या बंबात मधल्या नळीत कोळसे, भोवती पाणी, आणि पाणी ओतायचे तोंड वर उघडे. पाणी उकळले तर वाफ त्या तोंडातून निघून जाई. (बंब हा शब्द पोर्तुगीजांच्या ‘बोंबा’वरून, म्हणजे पंपावरून, आला असे मानतात; म्हणूनच आग विझवणाराही बंब आणि पाणी तापवणाराही बंब.) गीझर मात्र बंद भांडे आहे. त्या पितळी तुकड्यात दोन झडपा असतात. पहिली गरम पाण्याला उलट दिशेने थंड पाण्याच्या नळीत जाऊ देत नाही. ती बिघडली की थंड नळाला कोमट पाणी येऊ लागते. पण तिने परतीचा रस्ता अडवल्यामुळेच दुसरीची गरज पडते. १५ अंशांचे २५ लिटर पाणी ६५ अंशांवर नेले की ते सुमारे अर्ध्या लिटरने फुगते, आणि पाणी दाबून लहान होत नाही. तेवढ्या अर्ध्या लिटरला वाट देण्यासाठी दुसरी झडप. आमच्या तुकड्यावर ‘८ बार’ असे कोरले होते: दाब तिथवर चढला की स्प्रिंग मागे हटते आणि थेंब पडतात.

म्हणजे गळणे हेच तिचे काम. प्रश्न एवढाच होता, की आमची झडप काम करत होती की बिघडली होती? त्यासाठी रात्री गीझर पूर्ण थंड असताना खाली एक तांब्या ठेवला. गच्चीवरची टाकी आमच्यापेक्षा दोनच मजले उंच, तिचा दाब एका बारच्याही आत; थंड अवस्थेत एकही थेंब पडायला नको होता. सकाळी तांब्या भरून वाहत होता. झडप बिघडली होती. तिच्यावरची लहानशी खिटी उचलून पाणी जोरात सोडून पाहिले, तेव्हा पांढरी कच बाहेर आली. बोअरच्या पाण्यात विरघळलेले क्षार तापले की खडूसारखे साचतात. तसा एखादा कण बैठकीवर अडकला की झडप पुरती मिटत नाही.

मात्र क्षार झडपेला जसे मिटू देत नाहीत, तसेच कधी उघडूही देत नाहीत. अशी अडकलेली झडप मुळीच गळत नाही आणि घरातले सगळे समाधानी असतात. बूच मारल्यावरही तेच होते. पुढे कधी थर्मोस्टॅट बिघडून चालूच राहिला, त्याच्या मागचा कटआउटही दगावला, तर बंद टाकीतले पाणी १०० अंशांच्या पुढे जाऊनही दाबाखाली पाणीच राहते. टाकी फाटली की त्यातल्या बऱ्याच पाण्याची क्षणात वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा मागते. आई पहाटे दार लावून, गीझर चालू ठेवून अंघोळ करतात. आम्ही डमी मारू दिली नाही.

याच सुमारास एक अडचण उभी राहिली, ती वर्गातली. जात्यावरच्या ओव्यांवरच्या प्रश्नाला विद्यार्थी हमखास लिहितात: ‘ओवी ही स्त्रीमनाची सेफ्टी व्हॉल्व्ह होती.’ इतिहासाच्या वर्गात काँग्रेसच्या स्थापनेविषयी हेच रूपक शिकवले जाते. लाला लजपतराय यांनी १९१६च्या ‘यंग इंडिया’त ते वापरले होते. लजपतराय यांनी त्यातला आरोप ओळखून ते वापरले: झडप असते ती टाकी वाचवण्यासाठी, पाण्याच्या भल्यासाठी नव्हे. आपण समीक्षेत मात्र ते कौतुकाने वापरतो. ओवीला झडप म्हटले, की सासुरवास तसाच राहावा एवढ्यापुरतेच ते गाणे होते, असे आपण म्हणून बसतो. शिवाय झडपेतून पडणारे पाणी नुसते जास्तीचे असते. त्याला ना रूप, ना आठवण. ओवी एकीने रचली, दुसरीने उचलली, तिसरीने त्यात आपल्या भावाचे नाव घातले. मराठी वाक्प्रचार तर वाफेला वेगळेच मोजतो. ‘तोंडची वाफ दवडणे’ म्हणजे व्यर्थ बोलणे. जात्यावर बसलेली बाई वाफ दवडत नव्हती. मुलांच्या उत्तरपत्रिकेत या वाक्याला गुण द्यावेत की नाही, यावर आमच्या दोघांत अजून एकमत नाही.

बंद वाहिनीला वाट ठेवावी लागते, हे या शहराला जुने आहे. मलिक अंबरच्या नहर-ए-अंबरीने सतराव्या शतकात उत्तरेकडच्या डोंगरांतले पाणी जमिनीखालून शहरात आणले. अशा नहरींच्या मार्गावर ठिकठिकाणी उभे स्तंभ आहेत. पाण्याचा दाब आणि अडकलेली हवा तिथे मोकळी होई. पाणचक्कीतही डोंगरातले पाणी नळांतून येऊन भिंतीवरून हौदात पडते. तिथे जाते पाण्यावर फिरे, त्यामुळे ओवी गायला कुणी बसले नसावे.

नवी झडप आणायला गेलो तर दुकानदाराने तसाच दिसणारा, स्वस्त तुकडा पुढे केला. “एकच आहे हो दोन्ही.” एकच नव्हते. तो नुसता एकदिशा वॉल होता. कुशीतले बारीक तोंड त्याला नव्हते आणि दाबाचा आकडाही नव्हता. असा तुकडा बसवणे म्हणजे न सांगता बूच मारणे. तीन दुकाने फिरून ‘८ बार’चा मिळाला. भिंतीवरचा एमसीबी पाडला, टाकी थंड होऊ दिली, पाण्याचा कॉक बंद करून प्लंबरने जुना वॉल उतरवला आणि अंगावरचा बाण टाकीकडे येईल असा नवा बसवला. आता पाणी तापत असताना दहा-बारा थेंब मिनिटाला पडतात आणि थंड झाल्यावर थांबतात. बारीक तोंडाला एक नळी जोडून ती बादलीत सोडली आहे; आई ते पाणी तुळशीला घालतात.

जाताना प्लंबरने जुना वॉल मागितला, पितळेला भाव येतो म्हणून. तो दुसऱ्या कुणाच्या न्हाणीघरात बसू नये यासाठी आम्ही आधी त्यातली स्प्रिंग काढून घेतली, आणि मग पितळ त्याला दिले.