लेकीचे पिस्तूल

आमच्या घरात पिस्तूल आले आहे. हे वाक्य लिहिताना हात जरा अडखळतो, आणि का अडखळतो हे या मासिकाच्या वाचक बंधू-भगिनींना समजावून सांगायची गरज नाही. शिरूरमध्ये आमचे घर जुने, आम्ही नवरा-बायको दोघेही शिक्षक, बाजारातून चालताना चार माजी विद्यार्थी सलाम-नमस्कार करतात. तरीही ‘मुसलमानाच्या घरात पिस्तूल’ हे तीन शब्द एका ओळीत आले की ऐकणाऱ्याच्या मनात काय उभे राहील, याचा विचार आम्ही आधी केला. कोणते पिस्तूल घ्यायचे, हा विचार त्यानंतर.

सुरुवात पॅरिस ऑलिंपिकपासून झाली. २८ जुलै २०२४ ला मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात कांस्यपदक मिळवले. चार दिवसांनी, १ ऑगस्टला, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने रायफलमध्ये कांस्य मिळवले. स्वप्निल तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. दौंडला राहणारे आमच्या मुलीचे नाना रेल्वेतूनच निवृत्त झालेले. त्यांनी फोन करून सांगितले, “देखो, अपना रेलवेवाला है!” मुलगी तेव्हा आठवीत होती. दिवाळीच्या सुट्टीत तिला पुण्याला बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर शिबिराला पाठवले. आमचा अंदाज होता की दहा दिवसांत हौस फिटेल. परत आली ती प्रशिक्षकांचा निरोप घेऊन: हात स्थिर आहे, सराव सुटू देऊ नका.

सराव सुटू द्यायचा नाही म्हणजे स्वतःचे पिस्तूल हवे. शिरूरहून बालेवाडी रोज करता येत नाही.

पिस्तुलांत दोन जाती आहेत, हे आम्हाला तोवर ठाऊक नव्हते. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले ते २५ मीटरवर, पॉइंट टू टू बोअरच्या पिस्तुलाने. त्यात दारूची काडतुसे असतात, परवाना लागतो आणि आवाज कानठळ्या बसवणारा. दुसरे हवेचे. नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा जास्त नाही आणि ऊर्जा २० ज्यूलच्या आत असेल, तर २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार त्याला परवाना लागत नाही. स्पर्धेतली हवेची पिस्तुले या मर्यादेच्या बरीच खाली असतात. आमचा मार्ग इथेच ठरला.

पण आवाजाचा प्रश्न उरलाच. आमच्या गल्लीत भिंतीला भिंत लागून घरे. रोज संध्याकाळी घरातून ‘ठप्प, ठप्प’ येऊ लागले तर? यावर आमच्या एका मावसभावाने तोडगा काढला: “सायलेन्सर लावा, मिटला विषय.” त्याने मोबाइलवर जाहिरातही दाखवली. काळे पिस्तूल, नळीला पुढे लांबलचक काळे नळकांडे, आणि किंमत परवडेल अशी. गंमत अशी की हाच भाऊ स्वतःच्या बुलेटचा कंपनीने दिलेला सायलेन्सर काढून गावभर आवाज करत फिरतो.

आम्ही वाचायला बसलो. बंदुकीचा सायलेन्सर आणि मोटारीचा सायलेन्सर ही खरोखरच भावंडे आहेत. अमेरिकेतल्या हायरम पर्सी मॅक्झिमने १९०९ साली बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट घेतले आणि तीच युक्ती गाड्यांच्या धुराड्यासाठीही वापरली. याच्या वडिलांनी मशीनगन शोधली होती. बापाने आवाज वाढवला, मुलाने कमी केला. सिनेमात दाखवतात तसा आवाज नाहीसा मात्र होत नाही, थोडा दबतो. फिनलंड, नॉर्वेकडे शिकारी लोक स्वतःचे कान जपायला आणि शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून तो उघडपणे वापरतात. आपल्याकडे कायद्याने बंदुकीचा आवाज किंवा ज्वाला कमी करणारी साधने बंदी असलेल्या वर्गात टाकली आहेत. हवेच्या पिस्तुलाला लावले तर काय, यावर वकील वाद घालू शकतील. पण तसले नळकांडे आमच्या कपाटात सापडले, तर वाद ऐकून घ्यायला कोण थांबणार आहे? मावसभावाला आम्ही नाही म्हटले. तो नाराज झाला.

शिवाय त्याची गरजच नव्हती. बालेवाडीच्या प्रशिक्षकांनी समजावले की हवेच्या पिस्तुलाचा छर्रा सेकंदाला साधारण दीडशे मीटर जातो. आवाजाचा वेग त्याच्या दुपटीहून जास्त, त्यामुळे हवा फाटल्यासारखा कडाका होतच नाही. नळीतून येतो तो फक्त टाळी वाजवल्यासारखा फटका. खरा आवाज होतो छर्रा समोरच्या पत्र्यावर आपटतो त्याचा. म्हणजे सायलेन्सर हवा होता तो लक्ष्याला! नानांनी जुन्या लोखंडी पेटीत मळलेली माती थापून बसवली, मागे जाड फळी आणि चिंध्यांचे बोचके. छर्रा मातीत रुततो, ‘पुच’ एवढेच ऐकू येते. दर महिन्याला माती उकरून शिसे काढून घ्यावे लागते. हे काम मोठ्यांनी करायचे, आणि सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय कोणी खाण्याला हात लावायचा नाही. शिसे पोटात गेलेले वाईट.

आता पिस्तूल. स्टायर, मोरिनी, पारदिनी, वॉल्टर, सगळी नावे परदेशी, आणि नव्याची किंमत लाखांत. गच्चीवर पत्रा टाकायला ठेवलेले पैसे आमच्याकडे होते. स्वस्तातली स्प्रिंगची पिस्तुलेही मिळतात, पण चाप ओढल्यावर आतली स्प्रिंग धडकते आणि छर्रा बाहेर पडायच्या आत हात हलतो. शिकणाऱ्याला मग कळत नाही की चूक आपली की पिस्तुलाची. म्हणून दाबलेल्या हवेचे, सिलिंडरवाले घ्यायचे ठरले. स्पर्धेचे नियम काटेकोर आहेत: वजन दीड किलोपेक्षा जास्त नाही, चापाचा दाब ५०० ग्रॅमपेक्षा कमी नाही, आणि पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसले पाहिजे. जाहिरातीतल्या त्या काळ्या नळकांड्याचा निकाल इथेही लागला असता.

पैसे वाचवायला आधी जुने पिस्तूल पाहिले. विकणारा गोड बोलणारा होता, पिस्तूल चकचकीत. आम्ही बयाणा द्यायला निघालो होतो. तेवढ्यात मुलीने सिलिंडर फिरवून त्यावरचा आकडा वाचला. या सिलिंडरात २०० बार दाबाची हवा भरतात आणि त्याचे आयुष्य १० वर्षांचे धरतात. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. याची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपली होती. मुलीच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर ते नळकांडे राहणार होते. आम्ही दोघे पदवीधर, पण किंमत सोडून दुसरा आकडा वाचायचे आम्हाला सुचले नव्हते.

शेवटी दुकानातून पावतीसह घेतले, वापरलेलेच, पण नव्या सिलिंडरचे. तिथे नवीच अडचण. लेक डावखुरी आहे. लहानपणी दादीने तिला उजव्या हाताने जेवायची सवय लावली, ती लागलीही. पण चेंडू ती डाव्यानेच फेकते. पिस्तुलाची लाकडी मूठ एकाच हातासाठी कोरलेली असते, उजवीचे पिस्तूल डाव्या हाताला चालत नाही. दादीचे म्हणणे, उजव्याची घ्या, पोरगी शिकेल. दुकानदाराने एक सोपी परीक्षा सांगितली: दोन्ही तळव्यांची खिडकी करून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने घड्याळ खिडकीतून निसटत नाही तो नेमाचा डोळा. तिचा डावा निघाला. दादीने घरी स्वतः चार वेळा हा प्रयोग करून पाहिला. मग म्हणाली, “जेवण उजव्यानेच हं.” डाव्या हाताची लहान मूठ वेगळी मागवावी लागली, सव्वा महिना लागला.

सराव दौंडला, आजोळी. शिरूरच्या आमच्या घरात सलग सात मीटरही मिळत नाहीत. नानांच्या जुन्या घराची पडवी बारा मीटर लांब, टोकाला बिनखिडकीची दगडी भिंत. दर रविवारी न्हावरे, चौफुला करत आम्ही जातो. दौंडमध्ये राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आहेत, नानांचे एक शेजारी तिथून निवृत्त झालेले हवालदार. त्यांनी पहिल्याच दिवशी मुलीला दोन गोष्टी घोकायला लावल्या: पिस्तूल रिकामे असले तरी भरलेलेच समजायचे, आणि नळी माणसाकडे कधी वळवायची नाही, गमतीतही नाही. दादीला हे ऐकून बरे वाटले. आपल्या भावाकडे हत्यार रोखू नये, ही ताकीद हदीसमध्येही आहे, ती तिने लहानपणी ऐकली होती.

पण त्याआधी शेजारी. नाना नको म्हणत होते. “लोगां क्या बोलेंगे?” त्यांचे म्हणणे, दार लावून घ्या, कोणाला कळायचे कारण नाही. यावर घरात दोन दिवस अबोला होता. आम्हाला वाटत होते की बंद दारामागून आलेल्या आवाजाचीच लोक जास्त चौकशी करतात. शेवटी पिस्तूल पेटीत घालून, पावती आणि शिबिराचे प्रमाणपत्र सोबत घेऊन मुलीसह आधी पोलीस ठाण्यात गेलो. परवान्याची गरज नाही असेच उत्तर मिळाले, पण अर्जाच्या प्रतीवर पोहोच मिळाली. ती नानांनी कुराण शरीफच्या कपाटाखालच्या खणात जपून ठेवली आहे. मग पलीकडच्या काकूंकडे गेलो. त्यांच्या यजमानांच्या हृदयाचे ऑपरेशन झालेले. मुलीने पेटीवर पाच छर्रे मारून दाखवले. काका म्हणाले, “एवढाच? आमच्या पत्र्यावर माकडे याच्यापेक्षा जास्त आवाज करतात.” सगळेच इतक्या सहज मोकळे झाले असे नाही. समोरच्या एका घरातून अजून कोणी बोलत नाही.

आठवड्याचे बाकीचे दिवस शिरूरमध्ये काही आवाजच नसतो. या पिस्तुलांत छर्रा न घालता, हवा न सोडता नुसता चाप ओढायची सोय असते. मगरिबनंतर ती रिकाम्या भिंतीसमोर उभी राहते, हात वर, नजर माशीवर, आणि चाप इतका हळू ओढते की कधी सुटला ते शेजारी बसलेल्या आम्हालाही कळत नाही. रोज अर्धा तास. पिस्तूल आणि छर्रे वेगवेगळ्या कपाटांत, दोन्ही किल्ल्या आमच्याकडे.

गेल्या महिन्यात दहावीच्या उत्तरपत्रिका तपासायच्या होत्या, दोन रविवार दौंडला जाणे झाले नाही. दुसऱ्या रविवारी संध्याकाळी पलीकडच्या काकूंचा फोन आला. आधी इकडचे तिकडचे बोलल्या, मग विचारले, “आज पण आवाज आला नाही. पोरगी बरी आहे ना?”