पाठीवरचा रंग

माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही, ही निसर्गाची मोठी कृपा म्हणावी लागेल. पण ती कृपा अर्धीच आहे. कारण आपली पाठ इतरांना दिसते, आणि ती त्यांना दिसते हे आपल्याला ठाऊक असते. सदऱ्याला पुढच्या अंगास ठिगळ असले तर माणूस त्यावर उपरणे ओढून घेतो. मागच्या अंगास असले तर सबंध समारंभभर भिंतीला टेकून बसतो. जे आपल्याला दिसत नाही त्याचीच लाज अधिक वाटावी, हा मनुष्यस्वभावाचा एक चमत्कारच नव्हे काय?

लॅपटॉप नावाच्या यंत्राचीही हीच अवस्था आहे. ते मेजावर उघडून ठेवले, की पडदा वापरणाऱ्याकडे वळतो आणि झाकणाची पाठ समोरच्यांकडे. जो यंत्राचा धनी, तेवढ्या एकालाच ती पाठ दिसत नाही. मोठमोठ्या कारखानदारांनाही हा पेच पडलेला आहे. ॲपल कंपनीच्या जुन्या लॅपटॉपांवरचे सफरचंद, यंत्र मिटून पुढ्यात ठेवले असता धन्याला सुलटे दिसेल, अशा बेताने बसविलेले असे. यंत्र उघडताच समोरच्यांना मात्र ते उलटे दिसे. या शतकाच्या आरंभी कंपनीने ते फिरविले. तेव्हापासून ते धन्याला उलटे आणि जगाला सुलटे दिसते. पाठ ही जगाची आहे, असाच तो निवाडा होता. आय.बी.एम. कंपनीने १९९२ मध्ये थिंकपॅड बाजारात आणला, त्या वेळी तिने निराळा मार्ग पत्करला. रिचर्ड सॅपर या रचनाकाराने त्या यंत्राला साधे, चौकोनी, काळे रूप दिले. जपानी लोकांच्या शिदोरीच्या काळ्या डब्यावरून ते सुचले, असे सांगतात. मिटलेला असता काहीएक न बोलणारा डबा. आत काय आहे ते उघडणाऱ्यालाच कळावे.

हे सारे मी जमविले ते माझ्या पुतणीच्या निमित्ताने. दोन वर्षांपूर्वी ती महाविद्यालयात दाखल झाली, तेव्हा तिच्यासाठी एक वापरलेला लॅपटॉप घरी आला. कंपन्या आपली यंत्रे ठराविक वर्षांनी बदलतात आणि काढून टाकलेली यंत्रे दुरुस्त होऊन निम्म्याहून कमी किमतीत दुकानांत येतात. त्यांपैकीच तो एक. आतून तो निरोगी होता. बाहेरून मात्र त्याचे पूर्वायुष्य लपत नव्हते. तळाशी कुठल्याशा कचेरीचा क्रमांक कोरलेला होता. स्पेसबारचे उजवे टोक एका अनोळखी अंगठ्याने घासून घासून काचेसारखे गुळगुळीत केले होते. आणि झाकणाची पाठ तर हात लावताच बोटांना चिकटत होती. अशा यंत्रांवर कधीकधी मऊ रबरासारखा एक लेप देतात. हवेतील ओल त्या लेपाच्या रासायनिक साखळ्या हळूहळू तोडते आणि तो पाझरल्यासारखा चिकट होतो. आमच्या गोव्याच्या हवेला ओलीची वाण नाही, हे मी सांगायला नको.

मुलीने पाठीवरून बोट फिरविले, ते ओढणीला पुसले आणि एवढेच म्हटले, “काका, म्हाका हो नाका.” घरात पैशांची ओढ होती, हे तिला ठाऊक होते, म्हणून दुसरे वाक्य ती बोलली नाही. त्या न बोललेल्या वाक्याने मी अस्वस्थ झालो. वर्गात पहिल्याच दिवशी सारे परस्परांच्या पाठी पाहतात. कोणाचे यंत्र नवे, कोणाचे केवढ्याचे, याचा हिशेब विचारण्यापूर्वीच होऊन जातो.

पहिला उपाय तिनेच शोधला. फोंड्याला बसस्थानकाजवळ गाड्यांचे क्रमांक कापून देणारी जी रेडियमची दुकाने आहेत, त्यांपैकी एकात विनाइलची फिल्म मिळते. काळ्या विणकामासारखी नक्षी असलेली फिल्म तिने आणली. तिच्या पाठीमागच्या डिंकात बारीक सऱ्या असतात. त्यांतून हवा निघून जाते आणि बुडबुडे राहत नाहीत. मधोमध चिकटवावी, रुमालाने कडांकडे दाबत न्यावे, कोपऱ्यांवर केस वाळविण्याच्या यंत्राची ऊब देऊन ताणावे, आणि उरलेली किनार पात्याने कापावी. तासाभरात काम झाले आणि पावसाळा असूनही ते करता आले. यंत्र खरोखरच नवे दिसू लागले. तिच्या चेहऱ्यावरचे समाधान पाहून मलाही बरे वाटले.

चवथ होईतो कोपरे उचलले. ताणलेली फिल्म आपल्या मूळ आकाराकडे परत जाऊ पाहते, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण आम्हाला सांगितले ते आमच्या देवळाचा रथ रंगविणाऱ्या वृद्ध मेस्तांनी. जत्रेच्या आधी रथाची चाके, खांब, घोडे यांना हात फिरविण्याचे काम त्यांच्या घराण्याकडे आहे. ते कशासाठी तरी घरी आले असता त्यांनी लॅपटॉप हातात घेतला, एक कोपरा नखाने उचलला आणि फिल्मच्या डिंकाला लागून आलेला काळा लेप मला दाखविला. “मास्तर, फिल्म चिकटली होती ती सुटलेल्या लेपाला. खालचेच सुटलेले असेल, तर वरचे कशाला धरून राहील?” मग त्यांनी रथाचा दाखला दिला. जुना रंग सगळा खरवडून काढणारा कारागीर अडाणी, आणि सगळा तसाच ठेवून वर नवा चढविणारा लबाड. जे घट्ट आहे त्याची फक्त चमक मारावी. जे सुटले आहे तेवढेच काढावे.

मुलीने हे ऐकले आणि रंगच द्यायचा असे ठरविले. फिल्म ही पाहुणी. मन पालटले की तिला निरोप देता येतो. रंगाचे तसे नाही. रंग देणे म्हणजे ही वस्तू आपली म्हणून पत्करणे. ज्या यंत्राला “नाका” म्हटले होते, त्याच्याशी ती आता एवढी बांधून घेत होती, याचे मला कौतुक वाटले.

पण रंग कोणता, आणि त्यावर काय? प्रथम तिच्या मनात सोनेरी होता. यंत्र दुरुस्त करणाऱ्या मुलाने तो मोडीत काढला. बिनतारी संदेश झेलणाऱ्या तारा झाकणातच, पडद्याच्या कडेने बसविलेल्या असतात. धातूची भुकटी असलेला थर त्यांच्यावर चढला, तर संदेश अडखळतो. त्याने आणखी दोन पथ्ये सांगितली. उष्ण हवा जाण्याच्या जाळ्या बुजवायच्या नाहीत. आणि पडदा व कळफलक यांच्यामध्ये जाड असे काही चिकटवायचे नाही, कारण झाकण मिटताना तिथे फार थोडी जागा उरते आणि पडदा तडकू शकतो. सौंदर्याला अशा मर्यादा असणे मला नेहमीच हिताचे वाटत आले आहे.

शेवटी ती माझ्याकडे आली आणि विचारू लागली, “काका, देवळात खांबामागे ते तांबडे फूल आहे ना, ते कोणी काढले?”

त्या फुलाविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे. कोकण आणि कानडा किनाऱ्यावरील देवळांच्या भिंतींवर पूर्वी कावेचे काम करीत. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर काव मिसळलेल्या चुन्याचा तांबडा थर द्यायचा, तो घोटून गुळगुळीत करायचा, आणि ओला असतानाच लोखंडी काट्याने कोरून काढायचा. जिथे तांबडे निघते तिथे खालचे पांढरे उमलते. पेडणे तालुक्यात मोरजीच्या मोरजाई देवळात हे काम प्रसिद्ध आहे. आमच्या गावच्या सभामंडपातही माझ्या लहानपणी ते होते. पुढे एका जीर्णोद्धारात भिंतींवर तैलरंग चढला, खालच्या भागाला चकचकीत लाद्या लागल्या, आणि प्रदक्षिणेच्या वाटेवर एका खांबाच्या आड वीतभर तुकडा तेवढा राहून गेला. त्यात सहा पाकळ्यांचे एक फूल आहे. कंपासाने वर्तुळ काढावे, आणि कंपासाचे अंतर न बदलता त्याच्या परिघावर टोक रोवीत जावे, की अशा सहा पाकळ्या आपोआप सापडतात. शाळेत मी ते शेकडो मुलांकडून काढून घेतले आहे. त्या कारागिराचे नाव कोणालाच ठाऊक नाही. मुलीच्या प्रश्नाला माझ्यापाशी तेवढेच उत्तर होते.

मार्गशीर्षात हवा कोरडी झाली आणि काम सुरू झाले. दमट हवेत लॅकरवर पांढुरकी झाक येते, म्हणून मेस्तांनी तोवर थांबविले होते. दुरुस्तीच्या मुलाने झाकणाची बाहेरची कवची स्क्रू काढून सुटी करून दिली. खिडक्या उघड्या ठेवून आयसोप्रोपिल अल्कोहोलने चिकट लेप पुसून काढला. थिनर वापरायचा नाही, तो प्लॅस्टिकच खातो. जुन्या चिंध्यांचा काळा ढीग साचला. कडांशी लेप अजून दगडासारखा घट्ट होता. तो ठेवला, पाण्यात भिजविलेल्या चारशे नंबरच्या वॉटर पेपरने त्याची धार फक्त उतरती केली. एका कोपऱ्यात खोक पडली होती; तीत लांबी भरली. मग प्रायमर, आणि त्यावर पांढरा रंग, एक वीत अंतरावरून, पातळ थरांनी. जाड थर ओघळतो. पातळ थर चार दिले तरी एकजीव होतात. हे धीराचे काम आहे, आणि धीर हा अठरा वर्षांच्या वयाचा गुण नव्हे. ती दर पाच मिनिटांनी वाळले का ते पाहायला जाई, आणि मेस्त दर वेळी, “बोट लावू नकोस गो,” म्हणून ओरडत.

पांढरा पक्का वाळल्यावर पुन्हा रेडियमच्या दुकानाची पायरी चढावी लागली. या खेपेला फिल्म झाकण्यासाठी नव्हती. मुलीने खांबामागचे फूल कागदावर मोजून उतरविले होते. दुकानदाराने त्या रेषा फिल्ममध्ये कापून दिल्या. त्या पट्ट्या पांढऱ्यावर बसविल्या आणि सगळ्यावर कावेसारखा तांबडा रंग दिला. शेवटचा थर पुरता कडक होण्याआधी तिने चिमट्याने एकेक पट्टी उचलली. खालून पांढरी रेषा निघाली, दुसरी निघाली, सहाही पाकळ्या निघाल्या. मेस्त खाली वाकून पाहत होते. ते एवढेच म्हणाले, “आमचे आजे काट्याने काढीत.” त्यांच्या घराण्यात भिंतीचे ते काम आजोबांबरोबर थांबले, हे मला त्या दिवशी कळले.

वर पारदर्शक लॅकरचे दोन थर दिले, आणि कवची आठवडाभर कोणी हाताळू नये म्हणून माळ्यावर ठेवली. तळहात टेकतात ती जागा आणि कळफलक यांना मात्र तिने रंग लावू दिला नाही. घामाने तो तिथे टिकला नसता, हे खरेच. पण तिने सांगितलेले कारण निराळे होते. “तो अंगठा राहू दे, काका. त्याने पण खूप काम केले असेल.”

माझे एक स्नेही म्हणाले, अठरा हजारांच्या वस्तूवर इतका सोस कशाला? चार वर्षांनी ती भंगारात जाईल. जाईलही. परंतु आपण जे काही वापरतो ते बहुधा दुसऱ्याच्या हातून आलेले असते, आणि तिसऱ्याच्या हाती जायचे असते: घर, शेत, भाषा, देऊळसुद्धा. आपण मधले. मधल्या माणसाला, आपल्या आधी कोणीच नव्हते असे भासविण्याचा मोह होतो. तैलरंगाचा डबा अशा वेळी फार उपयोगी पडतो. मेस्तांनी सांगितलेला मार्ग अधिक कष्टाचा आहे. त्यात प्रत्येक जागी थांबून पाहावे लागते, की हे घट्ट आहे की सुटले आहे. ज्याच्या हाती हा लॅपटॉप उद्या जाईल त्याला ते फूल आवडेल किंवा नाही. त्यानेही पाहूनच हात लावावा, एवढीच इच्छा.

महाविद्यालयात तिला आता “केवढ्याला घेतलास?” असे कोणी विचारीत नाही. “हे फूल कुठले?” असे विचारतात, आणि ती आमच्या ग्रामदैवताचे नाव सांगते. दोन मैत्रिणी परवा ते पाहायला आल्या होत्या. खांबामागे तिघी वाकून उभ्या राहिल्या तेव्हा पुजाऱ्यांना वाटले, काही हरवले आहे.

प्रदक्षिणेच्या वाटेलाही लाद्या बसवाव्यात, असा विषय महाजनांच्या येत्या सभेपुढे आहे. लाद्या बसविणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. जुनी भिंत ओली राहते आणि पोपडे धरते, ही त्यांची तक्रार खोटी नाही. मुलीने मोजून काढलेला तो कागद मी सभेत ठेवणार आहे. मेस्तही येतो म्हणाले आहेत. खांबाशेजारच्या हातभर जागेवरचा तैलरंग आधी काढून पाहू द्यावा, खाली काव घट्ट आहे की सुटली आहे ते सर्वांनी डोळ्यांनी पाहावे, आणि मग लाद्यांचे ठरवावे, एवढीच आमची विनंती राहील.