लांब बस

मला कॅन्सर झालाय हे वस्तीला कळायला एक दिवससुद्धा लागला नाही. मानेला गाठी आल्या होत्या. कागदावर लिहिलं होतं, हॉजकिन लिम्फोमा. शाळा मध्येच सुटलेला मी, सूतमिलमध्ये पाळीवर जाणारा. अक्षराला अक्षर लावून ते नाव वाचलं. डॉक्टर म्हणाले, ह्यातून पुष्कळ माणसं बरी होतात, पण केमो चुकवायची नाही. दर चौदा दिवसांनी यायचं.

दोस्तांनो, कीव गोळा करायला हे लिहीत नाही. पहिल्या केमोत मी दोन चुका केल्या. त्या तुमच्या घरात कुणी करू नये म्हणून लिहितो.

सुपा ते परळ. आधी एसटीनं पुणं, ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. तिथून रेल्वेनं घाट उतरून दादर. सोबत आय. फडक्यात बाजरीच्या भाकरी, लसणाची चटणी. रात्री दादरला गाडगेबाबांच्या धर्मशाळेत टेकलो. कॅन्सरचे पेशंट तिथं देशभरातून येतात. गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली होती. 6 डिसेंबर 1956 ला बाबासाहेब गेले, 20 डिसेंबरला गाडगेबाबा. हे आयला सांगत होतो आणि पोटात गोळा उठत होता. सकाळी परळला निघालो. टाटा हॉस्पिटल 1941 साली ह्या गिरणगावात उघडलं. जवळच पोयबावडी. तिथल्या बीआयटी चाळीत बाबासाहेबांनी कितीतरी वर्षं काढली. आय म्हनली, "त्ये हितं ऱ्हाऊन एवढं शिकलं. तुला निस्तं पडून ऱ्हायचंय. भ्यायचं न्हाय."

औषधं चार. एक लालभडक, मातीतल्या जंतूपासून काढलेलं. नर्सबाईंनी आधीच सांगितलं, दिवसभर लघवी तांबडी होईल, रक्त समजून घाबरू नको. एका औषधावर उजेड पडू नये म्हणून बाटली झाकलेली. एक फुप्फुसाला बाधू शकतं, म्हणून डॉक्टरांनी बिडीचं आणि मिलमधल्या कापसाच्या धुळीचं खोदून खोदून विचारलं. खोकला किंवा धाप लागली तर लगेच सांगायचं. सलाईनच्या खाटेवर मी चांगला गप्पा मारत होतो.

आता पहिली चूक. उलटीच्या गोळ्या तीन दिवस वेळेवर घ्यायला सांगितल्या होत्या. मळमळ नव्हती. म्हटलं, आत्ता कशाला खर्चायच्या, लागतील तेव्हा घेऊ. गरिबाची अक्कल. ह्या गोळ्या उलटी यायच्या आधी घ्यायच्या असतात. उलट्या सुरू झाल्यावर गोळीच पोटात ठरत नाही.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून एसटीत बसलो. वाघोली गेली, लोणीकंद गेलं आणि आतडं पिळायला लागलं. पेरण्याला विजयस्तंभ दिसला. दर 1 जानेवारीला मी तिथं निळा झेंडा घेऊन उभा असतो. 1927 ला बाबासाहेब स्वतः आले होते ती जागा. त्या दिवशी मी तिच्याकडं पाहत पिशवीत ओकत होतो. शेजारच्यानं विचारलं, काय झालंय? आयनं खरं ते सांगितलं. तो उठला. पुढचे दोघं उठले. गर्दीच्या गाडीत आमच्याभोवती तीन सीटं मोकळी. भीमेचा पूल गेला, शिकरापूर, शिरूर गेलं, माणसं उभ्यानं गेली पण तिथं कुणी बसलं नाही. एक नऊवारीतली म्हातारी तेवढी आली, माझं कपाळ धरलं, लिंबू हुंगायला दिलं. जात विचारली नाही, रोगही नाही.

घरी आल्यावर तोंडाला गंज चढल्यासारखी चव. भाकरी लोखंडासारखी लागे. तोंड आलं. कोमट पाण्यात मीठ-सोडा टाकून गुळण्या केल्या, त्यानं बरं वाटलं. आय थोडं थोडं दर दोन तासांनी भरवायची, मऊ भात, मुगाचं पातळ वरण, शिळं काही नाही. चौथ्या दिवशी चहाला गेलो. सगळ्यांना काचेचे ग्लास, मला कागदी कप. मालक काही बोलला नाही. मीही नाही. माझा आजा सांगायचा, हॉटेलाच्या बाहेर भिंतीत आमची कपबशी वेगळी असायची, आपणच धुवायची. कॅन्सर स्पर्शानं होत नाही, कपानं होत नाही. पण लांब बसवायची सवय ह्या देशाच्या हाडात मुरलेली आहे. तिला निमित्त लागतं.

रागानं डोकं फुटायला आलं. आणि त्या रागात दुसरी चूक. नर्सबाईंनी बजावलं होतं, आठ-दहा दिवसांनी पांढऱ्या पेशी कमी होतील, गर्दीत जाऊ नको, तोंडाला मास्क बांध. मला वाटलं, हेही तसलंच. लांब बस. मी म्हटलं, बसणार नाही. दहाव्या दिवशी विहारातल्या बैठकीला गेलो. मांडीला मांडी लावून बसलो, सगळ्यांना मिठ्या मारल्या, एकाच तांब्यानं पाणी प्यालो. शेजारचा पोरगा शिंकत होता.

रात्री हुडहुडी भरली. ताप 101. कार्डावर लिहिलं होतं, 100.4 च्या वर गेला तर सकाळची वाट पाहायची नाही. एका दोस्तानं टेम्पो काढला, नगरला नेलं. पाच दिवस सलाईनमधून औषध. थोडा उशीर झाला असता तर हे लिहायला मी नसतो.

पुढच्या केमोला नर्सबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अरे, तुझ्यापासून लोकांना धोका नाही. लोकांपासून तुला आहे."

परतीच्या गाडीत तेच डोक्यात फिरत होतं. आजाला लांब बसवलं ते दुसऱ्यांना बाटू नये म्हणून. तो जगला काय, मेला काय, कुणाला पडली नव्हती. नर्सबाईंनी लांब बसवलं ते मी जगावं म्हणून. शब्द तेच. मी रागात दोन्ही एक केले आणि जीव गमवत होतो. विटाळाशी भांडायचं, मास्कशी नाही.

आता केस गेलेत. पोरं मला भन्ते म्हणून हाका मारतात. मारू द्या.

तुमचा एखादा साथी ह्यात सापडला तर दहा जणांनी खाटेभोवती जमू नका. एकानं जा, हात धुऊन. बाकीच्यांनी कामं वाटून घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कागद करा. हॉस्पिटलचा दाखला घेऊन रेल्वेची सवलत काढा, स्लीपरला पेशंटचं तिकीट माफ आहे, सोबत्याला 75 टक्के सूट. एसटीतही सवलत आहे. घरात थर्मामीटर ठेवा. रात्री-अपरात्री निघेल अशी गाडी सांगून ठेवा. रक्त द्यायला नावं लिहून ठेवा.

आणि एसटीत कुणी ओकत असेल तर उठून जाऊ नका. कपाळ धरा.

जयभीम.