सत्तर-दोनशे घरी राहिली

कोजागिरीच्या आदल्या रात्री जेवणं आटोपल्यावर मी पलंगावर जुनी चादर अंथरली आणि कपाटातली एकेक लेन्स काढून तिच्यावर मांडली. सोळा-पस्तीस, पस्तीस, पन्नास, शंभरची मॅक्रो आणि शेवटी, दोन्ही हातांनी उचलून, सत्तर-दोनशे. दिवाळीआधी घासलेली भांडी उन्हात मांडतात तशी ती रांग दिसत होती. बायको दाराशी उभी राहून बघत होती.

"फिरायला चाललायस की दुकान थाटायला?"

सकाळी कोल्हापूर सोडायचं, आजरा, आंबोली करत सावंतवाडीला उतरायचं, बांद्यावरून पत्रादेवीला गोव्यात शिरायचं. रात्री पेडण्याची पुनव (तिथली कोजागिरीची जत्रा), मुक्काम पार्श्याला मावशीकडे, मग डिचोली. तीन दिवस, एक जुनी साडेतीनशे सीसीची बुलेट आणि एक पिशवी. कार असती तर हा प्रश्नच आला नसता. कारमध्ये माणूस सगळं घेऊन जातो आणि त्यातलं काही वापरत नाही.

स्वयंपाकघरातला काटा आणला. पन्नासची, म्हणजे फिफ्टी, १८५ ग्रॅम. सत्तर-दोनशे दीड किलोच्या घरात. म्हणजे एका सत्तर-दोनशेच्या वजनात आठ फिफ्ट्या. पण मोटारसायकलवर खरी काळजी वजनाची नसतेच, थरथरीची असते. एका सिलिंडरचं इंजिन तासन्‌तास एकाच लयीत हादरत राहतं आणि लेन्सच्या पोटातले सुईच्या टोकाएवढे स्क्रू त्या लयीवर हळूहळू नाचायला लागतात. २०२१ मध्ये अ‍ॅपल कंपनीनंही सांगून टाकलं होतं, की मोटारसायकलच्या हँडलला फोन बांधून फिरलात तर त्यातला कॅमेरा बिघडू शकतो. मी त्याआधीच एका लेन्सवर हे शिकलो होतो. साईड बॅगेत घातलेली, फडक्यात गुंडाळलेली. घरी येऊन हलवली तर आत खुळखुळा. तेव्हापासून लेन्सा पाठीवर. माणसाच्या अंगासारखा शॉक-अ‍ॅब्सॉर्बर अजून कुणी बनवलेला नाही. (पाठीवर घेऊन पडलास तर मणक्याचं काय, असं जाणकार विचारतात. बरोबर विचारतात. मी हळू चालवतो, एवढंच माझं उत्तर.)

दुसरी भीती बुरशीची. काही वर्षांपूर्वी एक लेन्स मावशीच्या कपाटात विसरून आलो होतो, जून-जुलै दोन महिने. पेडण्याच्या पावसात चपलांना, पट्ट्यांना, देवघरातल्या तसबिरींनासुद्धा हिरवट लव येते. काच कशी सुटणार? परत आणली तेव्हा तिच्या आत कोळ्यानं विणावं तसं पांढरं जाळं पसरलेलं. दुरुस्तीवाल्यानं उघडून पाहिलं आणि जाळं पुसता येईल, पण खालचा लेप बुरशीनं खाल्लाय, तो परत येणार नाही, असं सांगितलं. मावशीला ही गोष्ट फार लागली. तेव्हापासून दर फोनवर ती विचारते, "ती तुजी कांच बरी जाली?" आजारी नातेवाइकाची चौकशी करावी तसं. मी दर वेळी हो म्हणतो.

तर, काय घ्यायचं?

मॅक्रो बायकोनंच उचलून कपाटात ठेवली. तिच्याबद्दल वाद नव्हता.

सोळा-पस्तीस हातात घेऊन मी बराच वेळ बसलो. हिची भूल मोठी असते. सगळंच मावतं: रस्ता, माड, नदी, ढग, वर स्वतःच्या बुलेटचं चाकसुद्धा. पण सोळावर काढलेला गोवा हा हॉटेलच्या जाहिरातीतला गोवा असतो. अर्धी चौकट आभाळाची आणि माणूस असलाच तर कोपऱ्यात, बाजूला ताणलेला. किनाऱ्यावर चालतं ते. पेडण्याच्या आतल्या बाजूला, कोरगाव, कासारवर्णे, हळर्ण अशा गावांकडे वळलं की रस्ता अरुंद होतो, दोन्हीकडून जांभ्याचे गडगे येतात, माडा-फोफळींच्या सावलीत दुपारीच संध्याकाळ होते. तिथं रुंद बघण्यासारखं काही नसतं. तिथं जवळ जाऊन बघायचं असतं. हळर्णचा किल्लाच घ्या. शापोऱ्याच्या काठी झाडोऱ्यात दडलेला, चार पावलं टाकल्यावर पुढचा बुरूज दिसावा असा. १७४६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयनं हा सावंतवाडीकर भोसल्यांकडून घेतला आणि त्याबद्दल त्याला 'अलोर्नाचा मार्किस' ही पदवी मिळाली. लिस्बनच्या दरबारात मिरवलेलं नाव या एवढ्याशा गावाचं. पेडणे महाल पोर्तुगिजांकडे कायमचा जायला त्यानंतरही चाळीसेक वर्षं लागली. सोळावर हा किल्ला म्हणजे नुसती झाडी येते.

सोळा-पस्तीसही कपाटात गेली.

लेन्सा निवडताना मला नेहमी डॉ. नारायण दाजी आठवतात. भायखळ्याच्या ज्या संग्रहालयाला १९७५ मध्ये नाव दिलं गेलं त्या डॉ. भाऊ दाजी लाडांचे हे धाकटे भाऊ. भाऊ दाजींचा जन्म पेडण्यातल्या मांद्र्याचा, मावशीच्या पार्श्याच्या शेजारचाच गाव. दोघे भाऊ ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून डॉक्टर झाले. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि नारायणराव तिच्या कार्यकारी मंडळात होते; देशी माणसाच्या हाती कॅमेरा आल्याच्या अगदी सुरुवातीच्या खुणांपैकी ही एक. तेव्हाचं तंत्र ओल्या काचेचं. १८५१ मध्ये आर्चर नावाच्या इंग्रजानं शोधलेलं. काचेवर कलोडियनचा चिकट थर ओतायचा, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, ओली असतानाच धुवायची. दहा-पंधरा मिनिटांत सगळं. मुंबईच्या उकाड्यात त्याहूनही लवकर. म्हणजे बाहेर फोटो काढायचा तर काळोखी खोलीच बैलगाडीतून बरोबर न्यायची: तंबू, बाटल्या, काचांच्या पेट्या, पाण्याच्या घागरी. एवढ्या लवाजम्यात लेन्स बहुतेक एकच, पितळी नळीतली. तिच्यात झूम नाही. माणूस मोठा दिसायला हवा असेल तर कॅमेरा उचलून त्याच्याजवळ न्यायचा, किंवा त्याला जवळ बोलवायचं. दोन्हीसाठी आधी त्याच्याशी बोलावं लागणार. त्यातही ते डॉक्टर. माणसाला 'हलू नका' सांगायची त्यांना सवय असणार.

मांद्र्याच्या रस्त्यावरून जाताना माझ्या मनात दर वेळी येतं, की त्यांनी कधी ती पेटी गावी आणली असेल का.

आता चादरीवर तीन उरल्या होत्या. पस्तीस, पन्नास आणि ती जाडजूड पांढरी सत्तर-दोनशे. हिशेब सरळ आहे. एक माणूस डोक्यापासून पावलांपर्यंत उभ्या चौकटीत बसवायचा तर दोनशेवर त्याच्यापासून दहा मीटर लांब उभं राहावं लागतं. पन्नासवर अडीच मीटर. पस्तीसवर दोनाच्याही आत, म्हणजे त्यानं हात पुढे केला आणि आपणही केला तर बोटं भिडावीत इतकं.

सत्तर-दोनशे मी पिशवीत घातली, काढली, पुन्हा घातली. हिच्यावर मी माझा सगळ्यांत चांगला फोटो काढलेला आहे. शिरगावची लईराईची जत्रा, डिचोली तालुक्यातली. वैशाख शुद्ध पंचमी. मध्यरात्री पेटवलेलं होमकुंड पहाटेपर्यंत निखाऱ्यांचं होतं आणि व्रतस्थ धोंड हातात रंगीत वेताची काठी, गळ्यात मोगऱ्याच्या माळा घेऊन त्यावरून चालत जातात. गर्दीच्या या टोकावरून मी एक धोंड टिपला. अग्नी ओलांडून आलेला, डोळे मिटलेले, ओठ अर्धवट उघडे, माळेतल्या कळ्या धगीनं करपलेल्या. मागची सगळी गर्दी विरघळून नुसता केशरी उजेड. तो फोटो मी मोठा करून दिवाणखान्यात लावला. येणारा-जाणारा थांबतो त्याच्यापुढे. मागच्या वर्षी मावशीकडे फोनवर दाखवत होतो. शेजारची एक म्हातारी पदरानं चष्मा पुसून वाकली आणि तिनं त्याला तत्काळ ओळखलं. कुठल्या वाड्यावरचा, कुणाचा मुलगा, सगळं सांगितलं. मग सहज विचारलं, "ताका दिलो मरे?"

त्याला दिलास का? मला तर त्याचं नावही ठाऊक नव्हतं. तो माझ्या भिंतीवर चार वर्षं डोळे मिटून उभा होता.

सत्तर-दोनशे घरी राहिली.

आंबोलीत धुकं होतं. घाट उतरून सावंतवाडीत आलो तेव्हा हवा अंगाला चिकटायला लागलेली. थंड काच अशा हवेत उघडली की तिच्यावर क्षणात दव धरतं, म्हणून पेडण्यात पोचल्यावरही अर्धा तास पिशवी बंद ठेवली. मावशीनं तर ती हातातून काढूनच घेतली. "आदीं जेव, मागीर फोटो."

पुनवेला फिफ्टी कामाला आली. भगवतीच्या देवळापुढे, काळ्या दगडाच्या हत्तींच्या आजूबाजूला इतकी माणसं, की पाय हलवायला जागा नाही. खांद्याला खांदा, आणि वर साड्यांनी नटलेले देवांचे खांब, रवळनाथ-भूतनाथाची तरंगं, डोलताहेत. भूतनाथाला एका रात्रीत देऊळ बांधून हवं असतं. दर वर्षी तो हट्ट धरतो, दर वर्षी त्याची समजूत काढावी लागते, आणि देऊळ काही होत नाही. त्या ओढाताणीत ढोल-ताशे असे टिपेला पोचतात, की हातातला कॅमेरा आतून थरथरतो. मघाच्या बुलेटची थरथर बरी म्हणायची. एक-पूर्णांक-आठला उघडलेल्या फिफ्टीत चांदणं आणि बल्ब दोन्ही पुरेसे झाले. पन्नास फोटो काढले, त्यातले दोन बरे. मागून कुणीतरी माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून स्क्रीन बघत होतं. कोण, ते शेवटपर्यंत वळून बघता आलं नाही.

याच पट्ट्यात, शापोऱ्यापलीकडे डिचोली तालुक्यातल्या साळ गावात शिमग्याला गडे म्हणवणारे भाविक जमतात. रात्री गडे रानाच्या दिशेनं धावत सुटतात आणि देवचारानं एखादा लपवला तर तो नंतर सापडतो, अशी श्रद्धा. ते मी पाहिलंय. तिथं मी कॅमेरा नेला नव्हता आणि नेणारही नाही. का, ते ज्यांनी तिथल्या अंधारात रात्र बसून काढलीय त्यांना विचारावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी डिचोली तालुक्यातलं नार्वे. दिवाडी बेटावरचं मूळ सप्तकोटेश्वर, कदंब राजांचं दैवत, पोर्तुगिजांनी पाडलं. लिंग मांडवी ओलांडून इकडे आणलं गेलं. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला, तसा शिलालेख दारावर आहे. २०२३ मध्ये पुन्हा डागडुजी होऊन ते उघडलं. पस्तीसमध्ये हे देऊळ मावत नाही. मी मागे सरत गेलो, दीपस्तंभाच्याही मागे, शेवटी पाठ जांभ्याच्या कट्ट्याला टेकली. तिथून देऊळ, घुमट आणि पायरीवर बसून फुलं निवडणारी एक बाई, एवढं मावलं. बाईंनी मान वर करून विचारलं, जागा देऊ का? म्हणजे बाजूला होऊ का? मी म्हटलं, नको, तुम्ही आहात म्हणून तर काढतोय. त्या हसल्या आणि पुन्हा फुलांत गढल्या. ते हसणं काढायचं राहूनच गेलं.

मग डिचोलीच्या पुढचा रस्ता. माती लाल होत जाते. झाडांच्या पानांवर, कुंपणांवर, बसथांब्याच्या छपरावर लाल धूळ. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, पुढे सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं ८८ पट्ट्यांवरचं काम पुन्हा बंद पडलं. आता हळूहळू ट्रक परत दिसायला लागलेत. एका चढावर मी बुलेट उभी केली. तारेच्या कुंपणापलीकडे डोंगराच्या जागी पायऱ्या पायऱ्यांचा खड्डा, तळाशी हिरवं पाणी, त्यापलीकडे कचऱ्याच्या मातीची टेकडी आणि टेकडीच्या पायथ्याशी, लांब, फार लांब, काहीतरी पिवळंसर. त्या तारेशी उभं राहून मला त्या प्रवासात पहिल्यांदाच सत्तर-दोनशेची आठवण झाली. इथं जवळ जाताच येत नव्हतं.

मागून एक लुना येऊन थांबली. उतरलेले गृहस्थ सत्तरीच्या पुढचे, अंगात बनियन, डोक्याला टॉवेल. कुठून आलात, कसला फोटो, असं झालं. मग ते तारेशी येऊन माझ्या शेजारी उभे राहिले आणि त्यांनी हात लांबवून त्या पिवळसर ठिपक्याच्या जरा डावीकडे बोट दाखवलं. त्यांचं भाताचं शेत. डोंगरावरची माती पावसात वाहून आली आणि दोन पावसाळ्यांत ते गाडलं गेलं.

मी पस्तीसमधून बघितलं. अर्ध्या चौकटीत त्यांचं मनगट आणि बोट, नखातली लाल माती स्पष्ट. मागे खड्डा, पाणी, टेकडी आणि बोटाच्या टोकाला काहीच नाही. मी बटण दाबलं.

त्यांनी स्क्रीन बघायला मागितली. मी फोटो मोठा करून दाखवला, आणखी मोठा केला, ठिपके फुटेपर्यंत. ते डोळे बारीक करून शोधत राहिले.

"दिसता?" मी विचारलं.

"हांगा आशिल्लें," ते म्हणाले, आणि स्क्रीनवर बोट ठेवलं. बोट उचललं तेव्हा काचेवर लाल ठसा उमटला होता. तो पुसायला मी खिशातून रुमाल काढला आणि तसाच हातात धरून उभा राहिलो.